भिंतीवरची रेघ धुतली म्हणून पंचनामा नाही - अंबाझरीच्या पुराला २ वर्षं

डागालेआउटची_भाडेकरू

परवा, २३ सप्टेंबर २०२५ ला, नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पूर आला त्याला दोन वर्षं झाली. व्हॉट्सॅपवर सगळे जुने व्हिडिओ फिरतायत, मोरभवन बसस्टँडवरच्या बुडालेल्या एसट्या वगैरे, आणि मला रात्री झोप लागली नाही म्हणून इथे लिहितेय. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

आठवत असेल तर २२ तारखेला महालक्ष्म्यांचं जेवण होतं. आमच्याकडे सासूबाईंच्या माहेरच्या महालक्ष्म्या, सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं सोवळ्यात, त्यामुळे झोपायला साडेबारा झाले आणि मोठी पातेली तशीच मागच्या ओट्यावर ठेवली की सकाळी विसर्जनाच्या आधी घासू. बाहेर पाऊस बदाबदा, विजा एवढ्या की खोलीत ट्यूबलाइट लावल्यासारखं. पहाटे सासूबाईंचा हात पलंगाखाली गेला आणि त्या म्हणाल्या, अगं कोणी पाणी सांडलंय का. सांडलं नव्हतं. नवऱ्याने आधी मीटर बंद केलं, मग आम्ही मुलीला उचललं आणि सासूबाईंना दोघांनी धरून जिन्यावर नेलं, तेवढ्यात पाणी गुडघ्याचं कमरेला आलं. फ्रीज उभा तरंगत नाही, आडवा होतो आणि बोटीसारखा फिरतो, हे मला त्या दिवशी कळलं. महालक्ष्म्यांच्या कोठ्या पडल्या, साड्या पाण्यावर पसरल्या आणि एक मुखवटा खिडकीच्या गजाशी येऊन अडकला, माझ्याकडे तोंड करून. दुसरा सापडला नाही. सासूबाई अजून तेच बोलतात, फ्रीज, गादी, मशीन कश्शाचं नाव घेत नाहीत.

पाणी आठ-नऊपर्यंत उतरलं. चिखल काळा, गटाराचा, आणि त्यावर डिझेलची साय. घरात दोन वर्षांची मुलगी. मग काय करणार? तीन दिवस आम्ही फक्त धुतलं. ब्लीचिंग पावडर टाकून जमीन, भिंती, दारं, सगळं. पाचव्या दिवशी पंचनाम्याला दोघं आले. कोणत्या ऑफिसचे ते लिहीत नाही, उगाच भानगड नको. पहिला प्रश्न, पाणी कुठपर्यंत होतं? मी छातीशी हात लावून दाखवला. म्हणे नाही, भिंतीवर दाखवा, रेघ कुठंय. मी म्हटलं धुतली. तर तो माणूस अगदी शांतपणे म्हणतो, "मॅडम, पुरावा तर तुम्हीच धुतला." फोटो? दोघांचे मोबाइल पाण्यात गेले होते.

आणि दुसरा प्रश्न, घर कोणाच्या नावावर. भाड्याचं. मग मालकाचं आधार, मालकाचं पासबुक. मालक पुण्यात, वर्षातून एकदा येतात, भाडं ऑनलाइन जातं. भाडेकरार दाखवला असता पण तो कपाटाच्या खालच्या खणात होता, म्हणजे आता लगदा. १० हजार जाहीर झाले होते प्रत्येक बाधित कुटुंबाला. आम्ही "बाधित" आहोत की नाही हेच ठरलं नाही. बाजूच्या बिल्डिंगमधल्या पहिल्या मजल्यावरच्या एकाचं नाव मात्र यादीत आलं. त्याच्या जिन्याच्या भिंतीवर रेघ होती ना, कोणी धुतली नव्हती.

कोणाला असा अनुभव आलाय का? दोन वर्षांनी काही करता येतं का, की सोडून द्यायचं?

---

तर्रीवाला_भाऊ

ताई, तुमी तं घरवाल्या तरी हाव. मी बर्डीवर, म्हंजे सीताबर्डीच्या बाजारात, चहाचा ठेला लावतो, तेवीस तारखेले सकाळी गेलो तं ठेलाच नाई. दोनशे फुटावर सापडला आडवा, शेगडी गेली, सिलेंडर गेलं, आन आतमंदी एक कुत्र्याचं पिल्लू बसून, जितं. टीव्हीवर सांगून राह्यले होते का दुकानवाल्याले ५० हजारापर्यंत आन टपरीवाल्याले १० हजारापर्यंत भेटन. मी गेलो. म्हने लायसन दाखव. आता बापा, बर्डीवर ठेल्याचं लायसन कोनाजवळ हाय? मी म्हटलं साहेब, तुमी रोज माह्याच ठेल्यावर चहा पेता. तो म्हने हाव पेतो, पन कागद पायजे. बरोबरच हाय त्याचं पन, त्याची काय चूक. पन मंग माही काय चूक?

पिल्लू अजून हाय. मोठं झालं. त्याचं नाव पंचनामा ठेवलं.

---

सांडवा

वरच्या प्रतिसादावर हसावं की रडावं कळेना. ३१ वर्षं पाटबंधारे खात्यात काढून रिटायर झालोय, म्हणून थोडं पाण्याच्या बाजूने.

अंबाझरी हा १८७० चा तलाव, मातीचं धरण, शहराला पिण्याचं पाणी द्यायला बांधलेला. मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो. तलाव भरला की जादाचं पाणी सांडव्यावरून शहरातून वाहणाऱ्या नाग नदीत जायचं, आणि ते दरवर्षी जातं, आपण सगळे ओव्हरफ्लो बघायला जातो, भुट्टा खातो, सेल्फी काढतो. म्हणजे पाणी येणार हे गुपित नव्हतं. प्रश्न खालचा आहे. सांडव्याखाली नदी रुंद पाहिजे, तिथेच ती सगळ्यात अरुंद झाली. शेजारी काय काय उभं राहिलं ते नागपूरकरांना सांगायला नको. सांडव्याजवळच्या विवेकानंद स्मारकाचा वाद तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, पूरग्रस्तांच्या जनहित याचिकेत. डागा लेआउटला नदीवरच स्लॅब टाकून स्केटिंग रिंक केलेलं होतं. नदीवर छप्पर घालायचं आणि मग ती घरात आली की तिला नैसर्गिक आपत्ती म्हणायचं, याला काय म्हणावं?

दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल कोणी फार बोलत नाही, ती म्हणजे आपले सिमेंटचे रस्ते. डांबरी रस्ता उकरून त्याच लेव्हलला काँक्रीट टाकलं असतं तर ठीक. बऱ्याच ठिकाणी वर थर चढवला, रस्ता घराच्या जोत्याच्या वर गेला. जुन्या लेआउटमधली घरं आता रस्त्यावरून उतरून जायची झाली आहेत. पावसाळी नाल्यांची तोंडं कुठे बंद, कुठे रस्त्याहून वर. पाण्याने जायचं कुठे? ते फाटक उघडं दिसलं की आत येतं.

ताई, तुमच्या भिंतीवरची रेघ किती उंच होती हे ना, खरं तर तुम्हाला विचारायचंच नव्हतं. तलावाची पातळी, नदीकाठच्या रस्त्याची पातळी आणि तुमच्या जोत्याची पातळी, तीन आकडे घेतले की कोणत्या गल्लीत किती फूट पाणी होतं हे टेबलवर बसून निघतं. लेव्हल काढायला एक सर्व्हेअर आणि एक दुर्बीण पुरते. संपूर्ण गल्ली बाधित धरायची आणि मोकळं व्हायचं. पण आपल्याकडे घरोघरी जाऊन माणसाला गुन्हेगारासारखं विचारायची पद्धत आहे.

---

सरळ_बोलतो

मी सरकारचा वकील नाही पण थोडं थंड डोक्याने घ्या. चार तासांत शंभर मिमीच्या वर पाऊस पडला. जगातलं कुठलंही शहर तुंबेल. एनडीआरएफ आली, एसडीआरएफ आली, आर्मी बोलावली, शंकरनगरच्या मूकबधिर शाळेतली मुलं सुखरूप बाहेर काढली, शेकडो लोक बोटीने काढले. उपमुख्यमंत्री दुसऱ्या दिवशी गल्लीत फिरत होते. जवळपास दहा हजार घरांत पाणी गेलं होतं, एवढ्यांचे पंचनामे करायचे तर काहीतरी निकष लागणारच ना? नाहीतर ज्याच्याकडे थेंब आला नाही तोही रांगेत उभा राहील. आणि नदीकाठी प्लॉट घेताना लोकांनी पण विचार करायला हवा होता.

---

डागालेआउटची_भाडेकरू

@सरळ_बोलतो दादा, बोटीवाल्यांबद्दल माझी एक शब्दाची तक्रार नाही. आमच्या समोरच्या आजोबांना त्यांनीच उचलून नेलं, पाठीवर, देव भलं करो त्यांचं. मी त्या दिवसाबद्दल बोलतच नाहीये. मी पाचव्या दिवसाबद्दल बोलतेय. पहिल्या दिवशी जी माणसं आली ती आम्हाला वाचवायला आली आणि पाचव्या दिवशी जी आली ती आम्हाला पकडायला आली असं वाटलं.

आणि नदीकाठी प्लॉट? आम्ही प्लॉट घेतला नाही, दोन खोल्या भाड्याने घेतल्या, कारण नवऱ्याचं ऑफिस जवळ. लेआउट मंजूर कोणी केला? नकाशावर सही कोणाची? त्याचा पंचनामा होतो का कधी?

---

कृष्णाकाठ

सांगलीहून. २०१९ चा पूर आम्ही आठवडाभर बघितला. तुमच्या "रेघ कुठंय" वरून आठवलं. तेव्हा एक सरकारी निर्णय निघाला होता, मोफत १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मिळणार, पण कोणाला? ज्यांचं घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली आहे त्यांना. लोक छपरावर बसून मोबाइलवर तो जीआर वाचत होते. एकाने माझ्यासमोर म्हटलेलं, अजून सहा तास थांबूया, मग उतरू. चेष्टेत म्हटलं पण कोणी हसलं नाही. आणि पुढे धान्याच्या पाकिटांवर नेत्यांच्या फोटोची स्टिकरं, त्यावरून राज्यभर बोंब झाली होती, आठवत असेल.

तुमच्याकडे चार तासांत सगळं खलास, आमच्याकडे आठ दिवस. म्हणजे त्या जुन्या नियमाने तुम्हाला गहूसुद्धा मिळाला नसता.

---

संत्राबागायतदार

नरखेड तालुका. आमच्याकडं पुराचं नाव काढलं की म्हातारे लोक मोवाडचंच बोलतात. ३० जुलै १९९१, वर्धा नदी गावात घुसली, दोनशेच्या वर माणसं गेली, एका सकाळीत. माझे मामा त्यात वाचले, झाडावर. गाव दुसरीकडं वसवलं मग. मामा म्हणायचे, मेलेल्याचा कागद लवकर झाला, जित्याचा कागद व्हायला वर्षं लागली.

शहरवाल्यांना आत्ता रेघेचा त्रास समजला म्हणून लिहितो, राग मानू नका. आम्ही दरवर्षी रेघेवरच जगतो. अतिवृष्टी कधी धरतात? महसुली मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिमी पडला तर. आता पर्जन्यमापक यंत्र मंडळाच्या गावी, माझं शेत तिथून नऊ किलोमीटर. माझ्या बांधावर ढगफुटी होते आणि यंत्रात पडतो ४०. कागदावर माझ्या शेतात पाऊसच नाही. मग पीक नुकसान ३३ टक्क्यांच्या वर पाहिजे. ३३ कोणी मोजले? झाडाखाली पडलेली संत्री मोजता का? मागच्या वेळेस आलेला माणूस गाडीतून उतरला पण नाही, चिखल होता म्हणे. चिखल होता म्हणूनच तर बोलावला होता तुला.

---

तर्रीवाला_भाऊ

हे शेवटचं बम आवडलं दादा 😂 चिखल होता म्हनूनच तं बोलावला

---

काळा_कोट

हायकोर्टात प्रॅक्टिस करते, नागपूरलाच. सल्ला म्हणून नाही, गप्पा म्हणून घ्या.

आधी शब्दाबद्दल. या मदतीला सरकारी भाषेत "सानुग्रह अनुदान" म्हणतात. अनुग्रह गुरूने शिष्यावर करायचा असतो. हा शब्दच असा आहे की घेणाऱ्याने वाकून घ्यावं. पण आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम १२ वाचा. निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार, स्वच्छता, आणि जीवितहानी, घराचं नुकसान, उपजीविका पुन्हा उभी करणं यासाठी सानुग्रह मदत, या सगळ्याचे किमान निकष ठरवलेच पाहिजेत. कोविड मृत्यूंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला सांगितलं की हे ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे. त्यानंतरच कोविडमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांना ते ५० हजार आले. म्हणजे किती द्यायचं हे सरकार ठरवेल, पण निकषच ठरवणार नाही असं म्हणता येत नाही.

कुठेही "घरमालक" असा शब्द नाही बरं का त्यात. नुकसान कुटुंबाचं असतं. भांडी आणि कपडे गेले म्हणून जे मिळतं ते भिंतींच्या मालकाचं कसं काय? भांडी काय मालकाची होती?

ताई, दोन वर्षांनी पैसे मिळतील असं मी म्हणणार नाही, खोटी आशा नको. पण तुमच्या घराचा पंचनामा झाला की नाही, झाला तर त्यात काय लिहिलंय, आणि गल्लीची बाधितांची यादी, एवढं माहिती अधिकारात मागा. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लिहायचा, नाहीतर तेवढ्यावरूनच परत करतात. ३० दिवस वाट बघा, मग पहिलं अपील. "मला मदत का दिली नाही" असं विचारू नका, "का" चं उत्तर देत नाहीत. "अमुक पत्त्याच्या पंचनाम्याची प्रत द्यावी" असं लिहा.

आणि इतर सगळ्यांसाठी, पुढच्या वेळेस (येणारच आहे) झाडू हातात घ्यायच्या आधी फोटो. भिंतीला टेप लावून, आकडा दिसेल असा, शेजाऱ्याला उभा करून. शेजाऱ्याचे तुम्ही काढा, तुमचे शेजारी काढेल. लाज वाटते, घरात चिखल आणि आपण फोटो काढतोय. तरी काढा.

---

सरळ_बोलतो

मॅडमनी लिहिलेलं भाडेकरूचं पटलं. ते मला माहीत नव्हतं. बाकी माझं मत तेच आहे.

---

सांडवा

@सरळ_बोलतो, मत ठेवा, पण एक विचारतो. मार्च २०२२ पासून महानगरपालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. पूर आला तेव्हा वॉर्डात जाऊन ज्याची कॉलर धरावी असा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. नगरसेवक काय फार ग्रेट असतात असं नाही. पण त्याला गल्ली माहीत असते, कोण भाड्याने राहतो, कोणाची टपरी कुठे, कोण वर राहतो कोण खाली. पंचनाम्याला आलेल्याला ते कसं कळणार, त्याची बदली आठ दिवसांपूर्वी झालेली असते. निवडणूक न घेण्याचा खर्च कोणी भरला ते यावरून बघा.

---

डागालेआउटची_भाडेकरू

सगळ्यांचे आभार, काळ्या कोटवाल्या ताई तुमचे खूप. अर्ज लिहिलाय, नवऱ्याकडून शब्द मोजून घेतले, १३२ झाले.

एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती, कारण माझंच रडगाणं फार लांबलं. आमच्याकडे कामाला येतात त्या मावशी, नाल्याच्या काठच्या वस्तीत राहतात. त्यांच्याकडे तर आमच्याहून आधी पाणी गेलं. पूर उतरल्यावर त्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या दारात हजर, झाडू घेऊन. मी म्हटलं मावशी तुमचं घर? म्हणाल्या, माझं काय, एक खोली, चार बादल्या मारल्या की झाली, तुमचं सामान जास्त आहे. आणि तीन दिवस त्यांनी माझ्या भिंती धुतल्या. म्हणजे ती रेघ जी मी "धुतली" असं लिहिलंय ती खरं तर त्यांनी धुतली. आणि स्वतःच्या घरी नव्हत्या, म्हणून त्यांच्याकडे पंचनाम्यावाले आले तेव्हा दाराला कुलूप. "घर बंद" असा शेरा मारून गेले. राशनकार्ड भिजलेलं, आधार सापडेना. हे मला नंतर कळलं, तेही दिवाळीचा बोनस किती द्यायचा या बोलण्यातून. मी त्यांना विचारलं तुम्ही सांगितलं का नाही. म्हणाल्या, तुम्हालाच नाही भेटले तर मला कोण देते.

म्हणून आता दोन अर्ज करतेय. दुसरा त्यांच्या नावाचा, सही नाही करता येत, अंगठा चालतो ना?

---

काळा_कोट

चालतो. अंगठ्याच्या शेजारी ओळखणाऱ्याची सही घ्या, ती तुमचीच करा. आणि बीपीएल कार्ड असेल तर त्याची प्रत लावा, स्टॅम्पही लागणार नाही.

---

डागालेआउटची_भाडेकरू

बीपीएलचंच तर भिजलंय 🙂 लावते दहाचा स्टॅम्प.

आणि हो, गंमत सांगते. मालकांनी मागच्या वर्षी भिंतीला पुट्टी मारून रंग दिला, चांगला महागाचा. या पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला ओल आली आणि लोणा फुटून बरोब्बर छातीच्या उंचीवर एक पिवळट पट्टा उमटलाय, सरळ, पट्टीने मारल्यासारखा, एका कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत. पेंटर बघून गेला, म्हणे ताई हे आतून येतंय, वरून कितीही मारा, दरवर्षी येणार.

---

तर्रीवाला_भाऊ

ताई, पेंटरले थांबवा आधी. टेप लावा, फोटो काढा. आन तारीख दिसली पायजे.